पाणी वरून आले की खालून

९ सप्टेंबर

प्रिय खोडरबर,

लहानपणीच्या नावाने हाक मारली म्हणून रागावू नकोस. पाकिटावर तुझं खरं नाव आणि हुद्दा लिहिलाय, त्यामुळे शिपायासमोर तुझी अब्रू शाबूत आहे. तू दोनदा फोन केलास असा शेजाऱ्यांकडून निरोप मिळाला. माझा फोन पाण्यात गेला. आणि नसता गेला तरी फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस, मला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा पत्र बरं.

आम्ही सगळे धडधाकट आहोत, हे आधी मावशीला सांग. पाणी २७ ऑगस्टला दुपारी आलं. इथे पाऊस फारसा नव्हताच, भुरभुर चालू होती. पण वर तीन दिवस कोसळत होता. दोन वाजता रस्त्यावर घोटाभर पाणी होतं, चार वाजता माझ्या कामाच्या टेबलाला लागलं. मग दोन दिवस मुक्काम. सहा वर्षांतली ही तिसरी खेप. आजोबांच्या काळात एकदाच आलं होतं, तर लोक ती गोष्ट चाळीस वर्षं सांगत बसले. आता एक गोष्ट सांगून होईपर्यंत पुढचं पाणी येतं.

दाबाची प्रेस लोखंडी आहे, ती वाचेल. कटिंग मशीनची मोटर गेली. पुठ्ठे फुगून पावासारखे झालेत, आणि खळीचा नि सरसाचा मिळून जो वास सुटलाय त्याला नाव नाही. ग्रंथालयाची जुनी पुस्तकं बांधणीला आली होती. वरच्या फळीवरची वाचली. खालच्या फळीवरच्यांचं मिळून एकच मोठं पुस्तक झालंय. उरलेली पुस्तकं जानेवारीअखेर बांधून द्यायची आहेत. ती दिली नाहीत तर ग्रंथालय ते काम मोठ्या शहरातल्या कारखान्याला देईल, असं ग्रंथपालबाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं. ते काम गेलं तर माझं दुकान गेलं, हे तुला आकडे न मांडता कळेल.

तुमच्या विमा कंपनीचा फॉर्म भरला. तुझ्या भरवशावर नाही हो. तू तिथे चिकटायच्या आधीपासून वडिलांची पॉलिसी तिथलीच आहे. आपल्या रस्त्यावरच्या बाराही जणांची तिथलीच, कारण एजंट एकच. तो पूर्वी दर आठवड्याला यायचा, आता फोन उचलत नाही. माझं अक्षर बरं म्हणून निम्म्या रस्त्याचे फॉर्म मीच भरले. एक गंमत सांगते. शेजारचे मास्टर तुला आठवतील, शिंपीकाम करतात, आठ वर्षांपूर्वी बाहेरून इथे आले. मशीन उचलताना पत्रा लागून उजव्या हाताला टाके पडलेत, म्हणून त्यांचा फॉर्मही मीच लिहिला. त्यात प्रश्न होता, ‘पाणी वरून आले की खालून?’ मास्टर म्हणाले, “खालून.” मी म्हटलं, “अहो मास्टर, खालून कसं येईल? नदी काय उलटी वाहते?” तर म्हणाले, “ताई, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दाराच्या खालून आलं.” आठ वर्षं नदीकाठी राहून माणसाला वर-खाली कळत नाही म्हणजे कमाल झाली! पण फॉर्म त्यांचा, तोंड त्यांचं. मी लिहिलं ‘खालून’. बाकी सगळ्यांनी अर्थातच ‘वरून’ लिहिलंय.

साधारण किती दिवस लागतात तेवढंच कळव. वशिला नको.

तुझी,
ताई


१६ सप्टेंबर

ताई,

पुढचं पत्र कृपा करून घरच्या पत्त्यावर पाठव. ऑफिसात आलेलं प्रत्येक पाकीट आवक विभागात फोडतात. आता तीन कारकुनांना माझं लहानपणीचं नाव माहीत झालं आहे आणि त्यातला एक मला पाहिलं की खिशातून खोडरबर काढतो.

तुम्ही सगळे सुखरूप आहात हे वाचून आईने आणि मी एकदमच श्वास सोडला. किती दिवस लागतील ते नक्की सांगता येत नाही. या वेळी तीन नद्यांच्या काठचे मिळून नऊ हजार दावे आले आहेत. एवढ्या ठिकाणी माणूस पाठवून पाहणी करणं शक्य नाही, म्हणून फॉर्म आणि फोटो यांवरच निकाल होणार. तुझी फाइल माझ्या टेबलावर येणार नाही, नात्यातली फाइल हाताळायची नाही असा नियमच आहे.

फॉर्ममध्ये जे लिहिलं आहेस ते आता तसंच राहू दे. मागाहून खुलाशाचं पत्र वगैरे पाठवू नकोस, त्याने घोळ वाढतो.

पॉलिसीबरोबर एक मोठ्या अक्षरातलं पत्रक येतं, ते जपून ठेवलं असशील. ते बरं लिहिलेलं आहे असं लोक म्हणतात.

आमच्याकडे बरं आहे. जानेवारीत आमचे साहेब निवृत्त होतात. त्यांच्या खुर्चीसाठी दोन नावं चालली आहेत, त्यातलं एक तुझ्या भावाचं. आईला अजून सांगितलेलं नाही, नाहीतर ती आत्तापासून सगळ्या इमारतीला सांगत सुटेल.

तुझा भाऊ
(खोडरबर नव्हे)


२१ ऑक्टोबर

साहेब,

तुला आज दुसरं काही म्हणवत नाही.

काल पोस्टमनने बारा पाकिटं वाटली. माझा दावा मंजूर. चेक आतच होता. त्याबरोबरच्या पत्रात लिहिलंय की हे पैसे ‘छतावाटे झालेल्या पर्जन्यजलाच्या शिरकावामुळे झालेल्या हानीपोटी’ आहेत. मी दोनदा वाचलं आणि मान वर करून छत पाहिलं. छत ठणठणीत कोरडं आहे. गेल्याच वर्षी दुरुस्त केलंय.

बारापैकी अकरा मंजूर. एक नामंजूर, मास्टरांचा. त्यांच्या पत्रात ‘भूपृष्ठीय जलप्रवेश’ असं काहीतरी आहे आणि ते पॉलिसीत बसत नाही म्हणे. माझ्या आणि मास्टरांच्या दुकानात एक भिंत आहे, वीतभर जाडीची. तिच्या या बाजूला पाणी छतातून आलं आणि त्या बाजूला जमिनीवरून, असं तुमच्या कंपनीचं म्हणणं आहे.

रस्त्याला याचा अर्थ लावायला अर्धा तासही लागला नाही. ताईंचा भाऊ कंपनीत आहे. ताईंनी ज्यांचे फॉर्म मनापासून भरले त्यांचे मंजूर झाले. मास्टर बाहेरचे. बस. कुणी माझ्या तोंडावर बोलत नाही. उलट काही जण जास्तच गोड बोलतात, ते मला अधिक लागतं. मास्टर फक्त एवढंच म्हणाले, “ताई, माझा फॉर्म तुम्हीच भरला होतात ना?” आठ वर्षं चार वाजताचा चहा आम्ही माझ्या टेबलाशी घेतोय. काल आले नाहीत. आजही नाही. भिंतीपलीकडून कात्रीचा आवाज येत होता, म्हणजे दुकानातच होते.

मी तुला वशिला नको म्हणून स्पष्ट लिहिलं होतं. तू काय केलंस? आणि करायचंच होतं तर अकरांचं केलंस नि एकाला वगळलंस, ते कोणत्या हिशेबाने? मला खूप राग आलाय. नीट उत्तर दे, ऑफिसच्या भाषेत नको.

ताई


२७ ऑक्टोबर

ताई,

मी काहीच केलं नाही. वाईट झालं ते तेवढ्यानेच. सगळं सांगतो, शेवटपर्यंत वाच.

आमच्या कंपनीने तीन वर्षांपूर्वी पॉलिसीतून पूर काढून टाकला. वादळ ठेवलं, पाऊस ठेवला, पूर काढला, कारण पूर वारंवार येऊ लागले. तशी नोटीस सगळ्यांना पाठवली होती, पण ती वकिलांनी लिहिलेली, कुणाच्या डोक्यात शिरली नाही. तेव्हा साहेब म्हणाले, सोप्या भाषेत एक पत्रक काढा, पोरालाही कळेल असं. ते काम माझ्याकडे आलं. मी पंधरा दिवस खपलो. शेवटी दोन वाक्यं उरली. ‘पाणी वरून आले तर भरपाई मिळेल. खालून आले तर मिळणार नाही.’ वरून म्हणजे छतातून पडलेलं पावसाचं पाणी. खालून म्हणजे जमिनीवरून आत शिरलेलं, पुराचं. साहेबांनी सगळ्या मजल्यासमोर ते वाचून दाखवलं. पुढे दाव्याच्या फॉर्ममध्येही तोच प्रश्न घातला.

माझ्या शहरात नदी नाही, ताई. नळ आहे. इथे वर म्हणजे छत आणि खाली म्हणजे फरशी. तुमच्या रस्त्यावर वर म्हणजे पाणी येतं ती बाजू आणि खाली म्हणजे पाणी जातं ती, हे मला माहीत असायला हवं होतं. आई त्याच रस्त्यावर वाढली. पत्रक मी तिला वाचून दाखवलं होतं, तर ती म्हणाली, “वा, मलासुद्धा कळलं.” तिला काय कळलं, ते मी विचारलंच नाही.

तुम्ही अकरा जणांनी खरं तेच लिहिलं. इथल्या कारकुनाने ते छत समजून वाचलं. मास्टरांनीही खरं तेच लिहिलं, आणि ते तिथले नसल्यामुळे त्यांचं खरं कंपनीच्या अर्थाशी जुळलं. सगळ्या रस्त्यात आमचं पत्रक बरोबर समजलेला माणूस एकच, आणि त्यालाच नकार मिळाला.

आता दुसरी गोष्ट. हे सगळं तुझ्या पहिल्याच पत्रात होतं. तू गंमत म्हणून लिहिलंस, मला ती गंमत वाटली नाही. मी तेव्हाच काय ते बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर तुझा दावा गेला असता. म्हणून ‘खुलासा पाठवू नकोस’ एवढंच लिहिलं. मास्टरांचं काय होणार ते मला त्याच दिवशी कळलं होतं.

माझं ऐक आणि गप्प राहा. हे उकरून काढलं तर मास्टरांना काही मिळायचं नाही आणि तुम्हा अकरांचंही जाईल. चेक बँकेत टाक. मोटर घे. जानेवारी लांब नाही.

तुझा भाऊ


५ नोव्हेंबर

प्रिय खोडरबर,

तू खरं लिहिलंस. त्यासाठी आधी शाबासकी, मग बाकीचं.

तुझं पत्र मी मास्टरांना वाचून दाखवलं. अख्खं. तू रागावशील हे माहीत होतं, तरी दाखवलं. ते दारात उभे राहूनच ऐकत होते, आत आले नाहीत. ‘सगळ्या रस्त्यात एकच माणूस’ या वाक्यापाशी ते हसायला लागले. हसता हसता दाराला टेकले. म्हणाले, “आठ वर्षं तुम्ही लोक मला सांगताय की मास्टर, वर जा, खाली जा, आणि मी दर वेळी जिना शोधतोय!” मग म्हणाले, “म्हणजे मी अडाण्यासारखं ‘वरून’ म्हटलं असतं तर मशीन आलं असतं.” मी म्हटलं, “मी तुम्हाला म्हटलं होतं.” ते म्हणाले, “हो, पण मी जे पाहिलं ते सांगितलं.” त्या दिवशी चहाला आले, पण अर्धा कप ठेवून गेले.

मी वाईट बाइंडर असेन, पण कागद हातात आला की मागून पुढून वाचते. तुझं ते पत्रक सुकवून ठेवलं होतं. सगळ्यांत तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात, लिहिलंय, ‘हे पत्रक पॉलिसीचाच भाग समजावे.’ तुझ्या लक्षात होतं का रे? घोडं इथेच पेंड खातंय. पत्रक जर पॉलिसीचा भाग, तर त्यात छत कुठे आहे? पूर कुठे आहे? मला तर दिसत नाही. आहेत ते फक्त ‘वरून’ आणि ‘खालून’. मग त्यांचा अर्थ कुणी ठरवायचा, लिहिणाऱ्याने की वाचणाऱ्याने? तुमच्याकडे यालाही काही नियम असेलच. तुमच्याकडे शिंकेलाही नियम असतो.

आणि एक साधी गोष्ट मला तू समजावून सांग. आमच्या रस्त्यावर जे पाणी आलं ते कुठेतरी आभाळातूनच पडलं ना? इथे माझ्या छतावर पडलं असतं तर भरपाई. दहा कोस वर दुसऱ्याच्या डोंगरावर पडलं आणि वाहत आलं तर नाही. पाऊस कुठे पडावा हे मास्टरांनी ठरवायचं होतं का?

चेक मी बँकेत टाकलेला नाही. खणात आहे. मोठेपणा करत नाहीये. दोनदा बँकेच्या दारापर्यंत गेले होते, पण वाटेत मास्टरांचं दुकान लागतं.

ताई


१२ नोव्हेंबर

ताई,

पत्र मास्टरांना दाखवायला नको होतंस. पण दाखवलंस, आता काय.

नियम आहे. वाक्याचे दोन अर्थ निघत असतील, तर ज्याने ते लिहिलं त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरायचा. संशयाचा फायदा पॉलिसी घेणाऱ्याला. नोकरीला लागलो त्याच आठवड्यात हा शिकवतात. तळाची ती ओळ छपाईच्या वेळी कुणीतरी घातली, मला न विचारता. म्हणजे तुझं म्हणणं बरोबर आहे. मास्टरांचाही दावा मंजूर व्हायला हवा. मास्टरांचाच का, तिन्ही नद्यांच्या काठी ज्यांनी ज्यांनी ‘खालून’ लिहिलं त्यांचे सगळ्यांचे.

पण हे तक्रार समितीसमोर कुणी मांडायचं? ते वाक्य मी लिहिलं आणि त्यातली चूक मला दिसली, असं मलाच उठून सांगावं लागेल. पहिला प्रश्न येईल, कधी दिसली? त्याचं उत्तर आहे सप्टेंबर. दुसरा येईल, कशी दिसली? त्याचं उत्तर आहे तू. आणि समिती उलटी फिरली तर तुमचे अकरा चेकही परत मागतील. तुझं दुकान त्यात जाईल.

जानेवारी दोन महिन्यांवर आहे. मला धीर होत नाही, ताई. खोटं कशाला सांगू.

तुझा भाऊ


२० नोव्हेंबर

प्रिय खोडरबर,

तुला भीती वाटते हे मला पटतं. मलाही वाटते. तू काही कर असं मी म्हणत नाही. माझ्या दुकानाची चिंता मी करीन, ती तू कारण म्हणून वापरू नकोस.

एकच काम कर. मास्टरांना एक पत्र लिही. मी वाचून दाखवलं ते मला लिहिलेलं होतं, हे त्यांच्या नावाने लिही. त्यांना नकार का मिळाला आणि भिंतीपलीकडे मला का नाही, ते त्यांना कळेल अशा भाषेत सांग. ‘भूपृष्ठीय’ वगैरे नको. तुला सोपं लिहिता येतं.

ताई


१८ डिसेंबर

ताई,

उशीर झाला. कारण ऐक.

मास्टरांना पत्र लिहायला बसलो. एक पान, दोन परिच्छेद, पुरे, असं ठरवलं होतं. सात वेळा लिहिलं. वकिली भाषेत लिहिलं की व्यवस्थित जमायचं, कुठेही अडायचं नाही. सोप्या भाषेत लिहायला लागलो की तिसऱ्या वाक्याला अडायचं. ‘तुम्ही खरे सांगितले म्हणून’ इथवर आलं की पुढे लिहिण्यासारखं काही उरायचं नाही. आठव्या वेळी मी वर मास्टरांच्या नावाऐवजी तक्रार समितीचं नाव घातलं, आणि ते एका बैठकीत पूर्ण झालं.

समितीत तिघं जण होते. मला उभं ठेवलं नाही, खुर्ची दिली. पत्रक मधोमध ठेवलं होतं. अध्यक्षबाईंनी विचारलं, “हे तुम्ही लिहिलंत?” म्हटलं, हो. “तुम्हाला काय म्हणायचं होतं?” म्हटलं, मला काय म्हणायचं होतं ते पत्रकात नाही, घोळ तिथेच झाला आहे. मग त्यांनी विचारलं, त्या रस्त्यावर तुमचं कोण आहे. म्हटलं, मावसबहीण, आणि तिचा दावा मंजूर झाला आहे, आणि तो चुकीच्या समजुतीवर झाला आहे हे मला आधीपासून माहीत होतं. आमचे साहेब खिडकीबाहेर पाहत होते. समितीतले एक गृहस्थ नदीकाठचे निघाले. ते म्हणाले, “वरून म्हणजे वरून. यात विचारायचं काय आहे?” बाकीच्या दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं निकाल तिथेच लागला.

तुमचे अकरा कायम. मास्टरांचा मंजूर. तिन्ही नद्यांवरचे ‘खालून’ वाले सगळे मंजूर, एकाच वेळेपुरते, ‘विशेष बाब’ म्हणून. पत्रक मागे घेतलं. चेक बँकेत टाक आता, नोव्हेंबरातच टाकायला हवा होतास.

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. मला पत्रव्यवहार विभागात पाठवलं आहे, तळमजल्यावर. काम हलकं आहे. आईला सांगितलं. ती म्हणाली, “पण त्या पत्रकात काय चुकलं होतं? मला तर बरोबर कळलं होतं.”

तुझा भाऊ


९ जानेवारी

प्रिय खोडरबर,

मास्टरांचा चेक सोमवारी आला. ते तो घेऊन माझ्या दुकानात आले आणि टेबलावर माझ्या चेकशेजारी ठेवून दोन्हीकडे पाहत बसले. मग आम्ही एकत्रच बँकेत गेलो. परत येताना म्हणाले, “ताई, तुमच्या भावाचं माप पाठवायला सांगा. कोट शिवून देतो.” मी म्हटलं, त्याला कोटाची खुर्ची आता नाही. तर म्हणाले, “मग शर्ट.” तेव्हा छाती, खांदा आणि बाहीचं माप कळव. पोट आत ओढून घेऊ नकोस, खरं माप घे.

मोटर बसली. मशीन पहिल्या दिवशी खोकलं, आता चालतं. जानेवारीअखेरपर्यंत सगळी पुस्तकं होणार नाहीत, पण निम्म्याहून जास्त होतील. ग्रंथपालबाईंनी येऊन पाहिलं आणि कारखान्याचा विषय काढला नाही. काल शिवण घालताना मला एकदम रडू आलं. दुःखाचं नव्हतं, सुटल्यासारखं झालं. तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगू नको.

तू जे केलंस ते मी करायला सांगितलं नव्हतं. म्हणून मला त्याचा जास्त अभिमान वाटतो.

रस्त्यावर आता सगळे मास्टरांना चिडवतात. कुणीही भेटलं की विचारतं, “मास्टर, वर निघालात की खाली?” ते म्हणतात, “भरपाई कुठे मिळते त्यावर आहे.”

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

शर्ट मिळाला. बाही बरोबर, खांदा बरोबर, पोटाला जागा सोडली आहे. मास्टरांना सांग की माणसाची पारख आहे.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. पुढच्या आठवड्यात तुम्हा बाराही जणांना कंपनीचं पत्र येईल. ते माझ्या हातचं आहे. कंपनीने सगळ्या गावांचा एक नकाशा केला आहे, जिथे पाणी पुन्हा येणार तिथे रंग भरला आहे. तुमचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगात आहे. अशा ठिकाणी पुढे पॉलिसीच द्यायची नाही, असं ठरलं. हप्ता वाढवून नाही, पूर वगळून नाही. पॉलिसीच नाही. नकाशा ऑगस्टच्या आधीपासून तयार होता असं साहेब जाताना मला म्हणाले. मला ते खरं मानायचं आहे. पण समितीच्या निकालानंतर त्यांनी तो कपाटातून बाहेर काढला, हेही तितकंच खरं.

ते पत्र लिहायला मलाच बोलावलं. नवे साहेब म्हणाले, “तुम्ही लिहा. या वेळी दुसरा अर्थ निघता कामा नये.” मी नाही म्हणू शकलो असतो. मग ते वकिलांकडे गेलं असतं, चार पानांचं झालं असतं, आणि तुमच्यातल्या निम्म्यांना ते पुढच्या पाण्यात उभं राहिल्यावर कळलं असतं. म्हणून लिहिलं. ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द त्यात नाहीत. वाक्य असं आहे: ‘१ एप्रिलपासून तुमच्या रस्त्यावरील कोणत्याही घराला किंवा दुकानाला आमची कंपनी विमा देणार नाही.’

दुसऱ्या कंपन्यांत चौकशी केली. नकाशा सगळ्यांकडे तोच आहे.

मला लाज वाटते आहे, ताई. कुणाच्या वतीने वाटते आहे ते नीट सांगता येत नाही.

तुझा भाऊ


३ मार्च

प्रिय खोडरबर,

पत्रं काल आली.

तू आधी कळवलं होतंस ते मी कुणाला सांगितलं नाही. मास्टरांनाही नाही. मला ते तोंडाने सांगायचं नव्हतं. पाकीट त्यांनी माझ्या टेबलाशीच फोडलं, चहाच्या वेळी. मी पुठ्ठा कापत होते, कापत राहिले.

आम्ही कुणीही कुठे जाणार नाही, आत्ता तरी. जायचं म्हटलं तर दुकान विकत घेणारा हवा, आणि तो नकाशा आता त्याच्याकडेही असेल. प्रेस तीन फूट उंच ओट्यावर चढवतेय. मास्टर मशीन माळ्यावर नेऊन शिवणार आहेत. पाणी त्याहून वर आलं तर पुढचं मला माहीत नाही. भीती वाटते. दिवसा काम असतं, तेव्हा कमी वाटते.

तू लाज वाटून घेऊ नकोस. तुझं वाक्य चांगलं झालंय. मास्टरांनी एकदाच वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि मला काहीही विचारलं नाही.

तुझी,
ताई